साखरपुड्याच्या अंगठीवर केल्टिक गाठ: अर्थ खरा की दुकानदारानं चिकटवलेला?

अहमदपूरची_लेक

नमस्कार मंडळी. माझं लग्न ठरलंय. याद्या झाल्या, बस्ता पुढच्या महिन्यात, साखरपुडा लातूरला. मुलगा मूळचा उदगीरचा, नोकरी पुण्यात. मधी शिकायला स्कॉटलंडमध्ये एडिंबराला होता. तिकडून येताना त्यानं चांदीची एक अंगठी आणली. त्याच्यावर एक रेघ दुसरीच्या वरून जाते, पुढच्या वळणाला खालून, परत वरून, आणि अशीच सगळ्या बोटाभोवती फिरते. सुरुवात कुठं, शेवट कुठं, काही सापडत नाही. केल्टिक गाठ म्हणतात या नक्षीला. साखरपुड्याच्या दोघांच्या अंगठ्या याच नक्षीच्या करायच्या असं आम्ही ठरवलं.

घरात फोटो दाखवला आणि झालं सुरू. पप्पा म्हणलालेत, हे चर्चवर असतंय तसलं चिन्ह आहे, पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं? आजीला गाठीचाच राग. शुभकार्यात गाठ कशाला, गाठ म्हणजे अडकणं, असं तिचं म्हणणं. आई म्हणलाली, दिसायला बरी आहे पण कणीक अडकंल त्याच्यात. होणाऱ्या सासूबाईंनी एकच सुचवलं, मधोमध खडा बसवा म्हणजे अंगठीसारखी अंगठी दिसंल.

मी नेटवर बघायला गेले तर आणखी गोंधळ. एका दुकानाच्या पानावर लिहिलंय की हे हजारो वर्षांपूर्वीचं अखंड प्रेमाचं प्रतीक. दुसऱ्यावर देह, मन, आत्मा. तिसऱ्यावर भूतकाळ, वर्तमान, भविष्य. चौथ्यावर पिता, पुत्र, पवित्र आत्मा, म्हणजे पप्पांचं बरोबरच निघालं. यातलं खरं काय? आणि आपल्या भागातला सोनार हे करून देईल का, की ऑनलाइनच मागवावं?

रोखठोक_बीड

ताई, सोन्याचा भाव बघा आणि साधं वेढणं करा. त्या गाठीचा अर्थ पाच वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही, घडणावळ मात्र आठवंल. मोडायला गेलात तर नक्षीचा एक रुपया कोणी धरत नाही.

गॉलवेतली_अंबाजोगाईकर

मी आयर्लंडमध्ये नर्स आहे, गॉलवेला. ही नक्षी इथं चहाच्या कपापासून थडग्याच्या दगडापर्यंत सगळीकडं आहे, त्यामुळं तिच्याबद्दल वाचणं आपोआप झालं. वरच्या भाऊंचं पैशाचं गणित त्यांच्या जागी ठीक. मी अर्थाचं सांगते.

जुने केल्ट लोक, म्हणजे युरोपातल्या इसवी सनाच्या आधीच्या टोळ्या, त्यांची नक्षी वेगळी. ती सगळी भोवऱ्यांची, वेलांट्यांची. एकात एक विणलेली ही गाठ आयर्लंड-ब्रिटनमध्ये रुजली सातव्या शतकाच्या आसपास, ख्रिस्ती मठांमध्ये. तीही एकट्या केल्टांची नाही. रोमन फरशांच्या चित्रांत अशा वेण्या आधीपासून आहेत, इजिप्तच्या ख्रिस्ती कलेत आहेत, जर्मानिक टोळ्यांच्या दागिन्यांत तर साप आणि जनावरंच एकमेकांत गुंतवलेली असतात. इंग्लंडमध्ये सटन हू इथं १९३९ साली जहाजासकट एक दफन सापडलं. त्यातलं कमरपट्ट्याचं सोन्याचं बक्कल जवळजवळ ४१३ ग्रॅमचं आहे. आपल्या हिशेबानं एकेचाळीस तोळ्यांचं एक बक्कल! त्याच्यावर अंगभर हीच गुंतागुंत आणि ते अँग्लो-सॅक्सन लोकांचं, केल्टांचं नव्हे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलंय.

या कलेचा कळस म्हणजे केल्सचा ग्रंथ. इसवी सन ८०० च्या आसपासचा, वासराच्या कातड्यावर लिहिलेला, बायबलमधल्या चार शुभवर्तमानांचा लॅटिन ग्रंथ. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात काचेखाली असतो. मी बघितलाय. गर्दीत पुढं सरका, पुढं सरका चाललेलं असतं, तरी एका अक्षराच्या पोटात शिरलेली रेघ डोळ्यानं धरून ठेवली की चष्मा पुसायची वेळ येते, इतकं बारीक काम. बोटाच्या पेराएवढ्या जागेत ती रेघ किती वेळा वरून-खालून जाते ते नुसत्या डोळ्यानं मोजता येत नाही.

आता मुद्द्याचं. या गाठीचा अर्थ अमुक असं त्या काळच्या कोणी लिहून ठेवलेलं सापडत नाही. जागा भरण्यासाठी, ग्रंथाचा मान वाढवण्यासाठी, भक्तीचं काम म्हणून काढत असतील, पण ‘ही प्रेमाची, ही मैत्रीची’ असली यादी तेव्हाची नाही. ती अलीकडची आहे. १८५० साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर आठव्या शतकातला एक फार सुंदर ब्रोच सापडला, तारा ब्रोच म्हणतात त्याला. डब्लिनच्या जवाहिऱ्यानं तो विकत घेऊन त्याच्या नकला विकायला काढल्या, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनातही मांडल्या. तिथून जुन्या नक्षीच्या दागिन्यांची लाट आली. पुढं १९५१ मध्ये जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकाचं पुस्तक निघालं. ही नक्षी चौकटी पाडून कशी काढायची ते त्यात होतं, मग ती घरोघरी पोचली. ‘देह, मन, आत्मा’ वगैरे चिठ्ठ्या दागिन्याच्या डबीत त्यानंतर आल्या असं समजा.

पप्पांना एवढंच सांगा. तीन टोकांची जी सुटी गाठ असते, तिला आज ख्रिस्ती लोक पिता, पुत्र, पवित्र आत्मा या तिघांचं चिन्ह मानतात. पण तीच गाठ स्कँडिनेव्हियातल्या जुन्या शिळांवरही आहे. तुमच्या फोटोत ती दिसत नाही, साधी फिरती वेणी आहे. वेणी कुठल्याच धर्माची नसते.

जाता जाता, आयरिश माणसाला लग्नाची अंगठी विचारली तर तो गाठीच्या आधी क्लाडाचं नाव घेईल. क्लाडा ही गॉलवेला चिकटलेली कोळ्यांची वस्ती. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट. हात मैत्रीचे, हृदय प्रेमाचं, मुकुट निष्ठेचा. तिचा अर्थ मात्र इथं शाळेतलं पोरगंही सांगतं. पण ती तुम्ही मागितलेली नाही.

गोदाकाठचे_गुरुजी

आजीबाईंसाठी दोन शब्द. श्राद्धाला असो की सत्यनारायणाला, पूजेला बसलेल्या माणसाच्या अनामिकेत आम्ही दर्भाचं पवित्रक घालतो. दर्भाला पीळ देऊन, वळसा घालून, गाठ मारून केलेली ती अंगठीच. तिच्याशिवाय संकल्प सोडत नाहीत. अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी असतात, तो हातात बांधायचा. जानव्यात ब्रह्मगाठ. लग्नात उपरणं आणि शेला यांची गाठ मारून नवरा-नवरी फेरे घेतात, तेव्हा तर आजीबाई स्वतः पुढं होऊन ती घट्ट करतील.

केरळात पय्यन्नूर म्हणून गाव आहे. तिथले सोनार या दर्भाच्या पवित्रकाचीच सोन्याची अंगठी घडवतात, पवित्र मोतिरम म्हणतात. मधोमध गाठ, बाजूनं सोन्याच्या बारीक रेघा. ती घडवायची तर कारागीर व्रत पाळतो. आजीला तिचा फोटो आधी दाखवा, स्कॉटलंडचा नंतर.

परभणी_सराफा

अर्थाचं वर झालं, बाईंनी आणि गुरुजींनी छान सांगितलं. आता सोन्याचं बोलू. आमची तिसरी पिढी पेढीवर आहे आणि असले फोटो घेऊन पोरं-पोरी हल्ली येतात. पहिलं सांगतो, आपल्याकडच्या सोनाराला हे काम नवं नाही. गोफ कशाला म्हणतात? सोन्याच्या तारा विणूनच करतात ना? पिळाच्या अंगठ्या तर आमच्या आजोबांच्या हाताखाली रोज निघायच्या. तुमच्या अंगठीत एवढंच वेगळं की विणकाम गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळतं. आणि सगळी मेख तिथंच आहे.

चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘एक अखंड धागा, आदि ना अंत’. मी गिऱ्हाईकाला म्हणतो, धागा एक आहे का ते आधी बघू. टाचणी घ्या, एका रेघेवर ठेवा आणि तिच्याच मागं मागं चला. वरून जाईल, खालून जाईल, रेघ सोडायची नाही. सुरुवातीच्या जागी परत आलात की थांबा. आता सगळी नक्षी टाचणीखालून गेली का? गेली तर धागा एक. कुठली रेघ शिवायचीच राहिली असंल, तर ते एकात एक अडकवलेले दोन किंवा तीन वेगवेगळे वळे आहेत. दिसायला दोन्ही अंगठ्या सारख्याच. बघणाऱ्याला कळणार नाही, घालणाऱ्याला कळलेलं बरं.

आता हिशेब सांगतो. तुमच्या फोटोत तिपेडी वेणी दिसते. अंगठीच्या एका काठाला धागा जिथं जिथं वळून आत येतो, ते वळसे मोजायचे, फक्त एकाच काठाचे. त्या आकड्याला तीननं भाग जात असंल तर धागे तीन. जात नसंल तर एक. म्हणजे तेरा वळसे, एक धागा. पंधरा वळसे, तीन धागे.

हे नवरा-नवरीच्या जोडीत कसं फसतं बघा. तुमचं माप समजा बारा नंबर. आतला घेर साधारण ५२ मिलिमीटर. चार मिलिमीटरला एक वळसा धरला तर तेरा बसतात. नवरदेवाचं माप वीस नंबर, घेर ६० मिलिमीटर. त्याच नक्षीचे चार मिलिमीटरनं पंधरा बसले. झालं! बायकोची अंगठी एका धाग्याची, नवऱ्याची तीन धाग्यांची आणि चिठ्ठी दोघांच्या डबीत एकच. कॉम्प्युटरवर नक्षी करणारं पोरगं माप वाढलं की वळसे वाढवतं, मोजत कोण बसतंय? त्याला आधीच सांगायचं की वळसे सोळा कर आणि एकेक जरा आवळ. पावणेचार मिलिमीटरचा वळसा डोळ्याला काही वेगळा दिसत नाही.

करायच्या तऱ्हा तीन. खरी तार ओढून विणायची, म्हणजे गोफासारखं. जीव असतो त्या कामात, हात लावला की कळतं. पण टोकं जिथं मिळतात तिथं झाळून डाक द्यावाच लागतो, म्हणजे ‘अखंड’ला एक जोड आलाच, आणि केसात अडकायची भीती राहते. दुसरी तऱ्हा, कॉम्प्युटरवर नक्षी, मेणाचा साचा आणि ओतकाम. आजकाल बहुतेक असंच होतं. खाली पट्टी भरीव असते, वर नक्षी उठावाची, त्यामुळं मजबूत. तिसरी, साध्या वळ्यावर खोदकाम. स्वस्त पडतं, पण वर-खालीचा भास नुसत्या रेघेवर तोललेला, घासून लवकर पुसट होतो.

सोनं किती कॅरटचं घ्यायचं यावर घरात वाद होणारच. आपल्याकडं बावीसच्या खाली कोणी बघत नाही. पण बावीस म्हणजे ९१६, मऊ असतं. बारीक उठावाच्या कडा काही वर्षांत गोल होतात आणि वर-खाली जाणारी रेघ सपाट दिसायला लागते. अठरा कॅरट, ७५० चं, जास्त टिकतं. मी स्वतः या नक्षीला अठराच सुचवतो. वडील ऐकणार नसतील तर बावीसमध्ये नक्षी जरा ठसठशीत ठेवा, पेड जाड, खाचा खोल. दोन्हीवर हॉलमार्क मिळतो. आतल्या बाजूला शिक्का, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी क्रमांक आहे का ते भिंगातून बघूनच पैसे द्या. आतून नाव घालायचं असंल तर शिक्क्याला जागा सोडून घाला.

सासूबाईंचा खडा मात्र टाळा. वेणीच्या मधी खडा बसवायचा तर तिथं नक्षी कापावी लागते, मग टाचणी फिरणार कुठून? हौस असंल तर त्यांच्याकडून खड्याची वेगळी अंगठी घ्या. कुठल्या सुनेनं नाही म्हणलंय?

आईचं म्हणणं खरं आहे, कणीक अडकणार. रिठ्याच्या कोमट पाण्यात घालून मऊ ब्रशनं घासली की निघते. हळद लागायच्या दिवशी मात्र काढून ठेवा.

मसावि_लसावि

मी हिंगोलीकडं गणित शिकवतो. सराफकाकांनी सांगितलं ते आम्ही सहावीला शिकवतो, फक्त अंगठी नसते हातात. पेडांची संख्या आणि वळशांची संख्या, यांचा मसावि काढा. जेवढा मसावि, तेवढे सुटे धागे. तीन आणि तेरा, मसावि एक. तीन आणि पंधरा, मसावि तीन. चौपेडी वेणी आणि चौदा वळसे असतील तर दोन धागे. मात्र हा नियम सलग विणलेल्या वेणीपुरता. केल्टिक नक्षीत कारागीर मधीच वेणी तोडून धागे दुसरीकडं जोडतात, त्यातनंच त्या चौकटी-बदामाच्या आकृत्या तयार होतात. तिथं मसावि चालत नाही, टाचणीच खरी.

आणखी एक गंमत. तिपेडी वेणीत तीन सुटे धागे निघाले तर त्यातले कोणतेही दोन थेट एकमेकांत अडकलेले नसतात. तिसऱ्यामुळं धरून असतात. सुतळीचं करून बघा, वेगवेगळ्या रंगाची घ्या. एक रंग कापून ओढून काढला की उरलेले दोन आपोआप मोकळे.

अहमदपूरची_लेक

सगळ्यांचे आभार. पय्यन्नूरचा फोटो आजीला दाखवला. तिनं चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, मग हीच कर की. आता ते एक नवीन झालं. पप्पांना ‘चर्च नाही, वेणी आहे’ एवढं पटलंय, पण अठरा कॅरटचं नाव काढलं की उठून बाहेर जातात.

ऑनलाइनवाल्यांनी दोन्ही अंगठ्यांची चित्रं पाठवली होती, ती मोठी करून मोजली. माझी तेरा. त्याची पंधरा! टाचणी नाही, पेन्सिल फिरवली मोबाईलवर. त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, राहू दे तीन धागे, एक तू, एक मी आणि एक फ्लॅटचा हप्ता. मग मसावि सरांचं वाचून दाखवलं, की तिसरा काढला तर बाकीचे दोघं सुटे होतात. हप्ता फिटला की आपण मोकळे का, असं विचारल्यावर गप्प झाला. सोळाच करायचे ठरले.

ऑनलाइनचं रद्द केलं. काका, परभणीला येऊन केलं तर चालेल का? आणि एक राहिलं, नंतर अंगठी घट्ट झाली तर वाढवून मिळते ना?

परभणी_सराफा

या की. पण शेवटचं विचारलंत ते आधी विचारायला पाहिजे होतं, कारण उत्तर नाही असंच आहे. साधी अंगठी मागून कापतात, सोन्याचा तुकडा घालतात, डाक देऊन घासून टाकतात, कुणाला कळत नाही. ही सगळीकडून नक्षीची. कापली की वेणी तुटली, मधी घातलेला तुकडा कोरा दिसणार, आणि वळसे बदलले की धाग्यांचा हिशेबही बदलला. थोडीशी ताणून एखादा नंबर वाढतो, पण ताणल्यानं नक्षी लांबट होते आणि बावीस कॅरटमध्ये जास्तच.

म्हणून माप नीट द्या. सकाळी उठल्या उठल्या नाही, दुपारनंतर द्या, आणि आत्ताच्या उन्हात बोटं फुगलेली असतात हे ध्यानात ठेवा. पट्टी रुंद असंल तर अर्धा नंबर सैल लागतो, सहा मिलिमीटरची पट्टी आणि बारीक वळं एकाच मापाचं बसत नाही. बोटाच्या सांध्यावरून फिरवत जरा जोर लावून निघाली पाहिजे, खाली हात केला की पडता कामा नये. नवरदेवालाही सोबत आणा. फोनवर सांगितलेलं माप मी धरत नाही. पुण्यात कुठंतरी मोजून आलो म्हणून सांगतात आणि इथं आल्यावर दोन नंबरचा फरक निघतो.

आणि ती चांदीची अंगठी घेऊन या. तिचे वळसे मला बघायचेत.